ताटापासून आणि अंथरुणापासून

पवनी
१४ नोव्हेंबर १९८३

श्री. पुंडलिकराव यांस,

नमस्कार. पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नका. कोर्टाचं काही नाही. आई माझ्याकडे आहेत आणि खुशाल आहेत, एवढं आधी सांगते, बाकीचं मागून.

तुमचं नाव असं सरळ लिहिताना हात अडखळला. लग्नानंतर ते मी घेतलं ते उखाण्यात, आणि त्यानंतर एकदम साक्षीच्या पिंजऱ्यात. 'अहो' लिहायचं की नाही ते ठरेना, म्हणून केशवरावांना विचारलं. माझी बाजू मांडणारे तेच हे केशवराव. तुमच्यामाझ्या खटल्यानंतर त्यांनी वकिली सोडली. आता इथेच असतात, आणि त्यांच्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत मी भाड्याने राहते. ते म्हणाले, "बाई, हुकूम वेगळं राहण्याचा आहे. पत्रातल्या मायन्यावर कोर्टाची नजर नसते. वाटेल ते लिहा." तरी मी श्री.च लिहिलं.

गुरुवारी शाळेतून आले तर ओट्यावर आई बसलेल्या. शेजारी गाठोडं, मांडीवर फडक्यात बांधलेला गूळ. मी म्हटलं, "आई, तुम्ही? एकट्या आल्या?"

"एकटी कायले येऊ? पुरी एसटी भरून लोकं होते."

तुम्हाला त्या सानगडीला जाते म्हणून सांगून निघाल्या होत्या ना, टिकारामभाऊजींकडे, धानाच्या कापणीला? भंडाऱ्याच्या स्टँडवर उतरल्या आणि साकोलीच्या गाडीऐवजी पवनीच्या गाडीत बसल्या. भाऊजी समजून आहेत आई जवाहरनगरला तुमच्या क्वार्टरमध्ये, तुम्ही समजून आहात सानगडीला. मी त्यांना म्हटलं, "आई, कोर्टाने आम्हाला वेगळं केलं आहे. तुम्ही इथे राहिलात तर त्यांना काय वाटेल?"

"कोर्टानं तुमाले अलग केलं," त्या म्हणाल्या. "माह्यावर काई दावा होता का? मले त कोनं बोलावलं बी नोहोतं तिथं."

हे मी केशवरावांना सांगितलं तर ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, म्हातारीचं म्हणणं बिनतोड आहे. मग त्यांनी मला जुन्या विलायती कायद्यातले शब्द सांगितले. लग्न कायम ठेवून नवरा-बायकोला वेगळं करायचं असेल तर तिथली धर्मकोर्टं लॅटिनमध्ये लिहीत: आ मेन्सा एत थोरो. ताटापासून आणि अंथरुणापासून. तुम्हाला आठवत असेल, निकालाच्या दिवशी ते हेच काहीतरी बोलले होते. तेव्हा मला वाटलं, मंत्र म्हणून राहिले की काय.

नागपूरला कायदा शिकताना एका म्हाताऱ्या पाद्र्याकडे ते लॅटिन शिकले होते. आता संध्याकाळी मला एखादा शब्द सांगतात. विरंगुळा त्यांनाही आणि मलाही. गंमत म्हणजे तोडण्याचे, वाटण्याचे, हाकलण्याचेच शब्द त्यांना जास्त पाठ आहेत. उभा जन्म लोकांच्या वाटण्या करण्यात गेला, म्हणतात. पहिला सांगितला तो सेपारारे. 'से' म्हणजे बाजूला आणि 'पारारे' म्हणजे तयार करणं. मला बियाण्याचं धान आठवलं. तेही खाण्याच्या धानातून वेगळं काढतातच की, पण टाकून द्यायला नाही काढत.

भाऊजींना तुम्हीच कळवा, मी लिहिलं तर अवघडतील. आईंना न्यायला यायचं असेल तर कुठल्याही रविवारी या. मी त्या दिवशी शाळेतल्या शकुबाईंकडे जाईन, म्हणजे तुम्हाला संकोच नको.

थंडी पडू लागली आहे. फॅक्टरीत पहिल्या पाळीला जाताना कान बांधत जा.

ललिता


पवनी
१७ जानेवारी १९८४

श्री. पुंडलिकराव यांस,

नमस्कार. तिळगूळ आईंच्या हातचा आहे, थोडा कडक झाला आहे, सांभाळून खा.

त्या रविवारी तुम्ही येऊन गेलात. मी कबूल केल्याप्रमाणे शकुबाईंकडे होते. तिन्हीसांजेला घरी आले आणि विहिरीवर पाणी काढू लागले, तर गडगडी आवाजच करीना. मी आले तेव्हापासून ती सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी किंचाळायची. आईंना विचारलं, तर म्हणाल्या, "त्याले कसंतरी होऊन रायलं होतं तिचा आवाज आयकून. उतरवली, साफ केली, तेल देलं. हात तसेच काळे घेऊन गेला." तुमचे आभार मानायचे होते. केशवरावही मानतात, विहीर त्यांचीच.

तुमचं दोघांचं काय बोलणं झालं ते आईंनी मला सांगितलं. तुम्ही म्हणालात, घरी चला. त्या म्हणाल्या, "त्या घरात काय हाये? तू येतेस, जेवतेस, झोपतेस. मी भिताडासंगं बोलू का?" तुम्ही ताटातले तांदळाचे आयते संपवलेत आणि उठलात. आईंना वाईट वाटलं. मुलगा दाराबाहेर पडल्यावर, म्हणाल्या, मनात आलं, परत बोलवावं. पण तो कुठवर गेला ते दिसेचना.

दिसेना हे खरंच. त्यांना दिसत नाही, हे तुम्हाला माहीत आहे का? उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पुरता पिकला आहे आणि डाव्यात येऊन राहिला आहे. तांदूळ निवडतात ते बोटांनी. चुलीजवळ हात सरकवत सरकवत भांडं शोधतात. पवनीच्या गाडीत त्या कशा बसल्या असतील, त्यांचं त्यांना माहीत. म्हणतात, कंडक्टर ओरडतो त्यावरून कळते. मी रागावले. तर म्हणाल्या, "पुंडलिकले सांगू नको. त्याच्या डोक्यावर लय वझं हाये." मी सांगते आहे.

संध्याकाळी केशवराव ओट्यावर येऊन बसतात तेव्हा आई सूप घेऊन शेजारी असतात. परवा त्यांनी दिविदेरे सांगितला, वाटणी करणं. म्हणाले, याच शब्दाच्या पोटातून त्यांचा विदुआ निघाला, आणि तो आणि आपला विधवा एकाच घरचे. वाटून वेगळी पडलेली, ती. मला वाटलं, आईंसमोर हे कशाला काढलं. पण त्यांनी सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "म्हंजे तिकडं बी माह्यासारख्या हायेत?" आहेत म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं. सूप पुन्हा उचललं.

दुसरा एक शब्द आहे, एक्सक्लूदेरे. दार लावून बाहेर ठेवणं. मी केशवरावांना विचारलं, यात दार लावणारा कुठे असतो? ते म्हणाले, "तो आत असतो. पण तो सुखात असतो, असं काही शब्द सांगत नाही."

आई माझ्याकडे का आल्या त्याचं खरं कारण मला आता कळलं आहे. ते आज लिहिणार होते. राहू दे. शाळेत स्नेहसंमेलन आहे, पोरींचा नाच बसवायचा आहे, आणि डोळ्यांचं आधी बघायला पाहिजे.

ललिता


पवनी
२५ मार्च १९८४

अहो,

लिहून झालं. आता खोडत नाही.

आधी कामाचं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात भंडाऱ्याला डोळ्यांचं शिबिर आहे. केशवरावांच्या ओळखीच्या डॉक्टरांनी आईंना पाहिलं, उजवा डोळा करून घ्या म्हणाले. ऑपरेशननंतर काही दिवस डोक्याला धक्का लागू द्यायचा नाही, पट्टी बदलायला वरचेवर न्यावं लागेल. पवनीहून एसटीने ते होणार नाही. तुमचं क्वार्टर जवळ आहे. माझ्या मनात आहे ते असं, की तेवढे दिवस मी आईंबरोबर तिथे येऊन राहावं. तुम्ही हो म्हणालात तर. कायद्याचा अर्थ त्यातून काय निघतो ते मी केशवरावांना विचारलेलं नाही, आणि तुम्हीही कोणाला विचारू नका.

आता ते दुसरं.

आई इथे आल्या त्या डोळ्यांसाठी नाही. पौषात एकदा मी वह्या तपासत होते, त्या शेजारी बसून मटार सोलत होत्या. मध्येच म्हणाल्या, "वच्छीले कच्चे दाने लय आवडे." आणि माझ्याकडे तोंड करून थांबल्या. दिसत नव्हतं त्यांना, पण माझा चेहरा शोधत होत्या. मी म्हटलं, "हो. शेंगा लपवून ठेवायची." मग त्या रडल्या. म्हणाल्या, "मले कोनासंगं तरी तिचं नाव घ्याचं होतं, बाई. तिथं पुंडलिक उठून जाते. सानगडीले कोनाले तिची सय बी नाई. तुह्याशिवाय कोन हाये मले?"

त्या दिवसापासून आम्ही दोघी रोज तिचं नाव घेतो. कामं करता करता. रडतोच असं नाही.

अहो, ती गेल्यावर तुम्ही तिचे कपडे, फोटो, पाटी सगळं आवरलंत आणि कुलूप घातलंत. म्हणालात, या घरात आता तिचं नाव नको. मग तुम्ही पाळीवर पाळी करू लागलात. तुम्ही घरी यायचात तेव्हा मी निजलेली, मी उठायची तेव्हा तुम्ही फॅक्टरीत. मी पवनीची नोकरी धरली ती तुम्हाला सोडायला नाही धरली. तिथे माझा जीव गुदमरायचा. चार वर्षांची पोर मेंदूज्वरात तीन दिवसांत जाते, आणि त्या घरात ती कधी नव्हतीच असं वागायचं, हे मला जमत नव्हतं.

दावा लावलात त्याचा मला राग नाही आला. दोन वर्षं बायको येत नाही, भाऊजी म्हणत असतील, शेजारी म्हणत असतील. पण सुनावणीच्या दिवशी तुमचे वकील उठून म्हणाले, "उभयतांस अपत्य नाही." मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही खाली बघत होता. मला वाटलं, आता मान वर कराल, आता म्हणाल, साहेब, होती. तुम्ही काही बोलला नाहीत. मीही तशीच उभी राहिले. न्यायाधीशांनी पुढचं विचारलं. माझ्या मनात लग्न मोडलं असेल तर ते तेव्हा, निकालाच्या दिवशी नाही.

हे तुम्हाला लागेल. लागावं म्हणून लिहीत नाही. इतके दिवस गडगडीचं आणि तिळगुळाचं लिहिलं, आणि प्रत्येक वेळी हे लिहायचं राहिलं.

मागच्या आठवड्यात मी केशवरावांना विचारलं, नवरा गेलेलीला शब्द आहे, आईबाप गेलेल्या लेकराला शब्द आहे, लेकरू गेलेल्या आईला तुमच्या लॅटिनमध्ये काही आहे का? आपल्याकडे निपुत्रिक म्हणतात, पण ज्यांना झालंच नाही त्यांनाही तोच लावतात. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं असेल, ही शब्दासाठी विचारते आहे की कशासाठी. मग म्हणाले, "आहे. ओर्बा. बाईला ओर्बा, पुरुषाला ओर्बुस. हिरावून घेतलं ते ज्याचं, तो. पोरक्या लेकरालाही हाच शब्द आणि लेकरू गेलेल्या आईबापालाही हाच."

आई जवळच होत्या. त्यांनी तो दोनदा म्हणून पाहिला. म्हणाल्या, "मंग पुंडलिक बी तेच हाये." मी आत निघून गेले. इतके दिवस मी एकटीच तशी आहे असं समजून चालले होते.

शिबिराचं तेवढं कळवा. नाही म्हणालात तरी मी समजेन, आईंना मग नागपूरला नेईन.

ललिता


पवनी
६ मे १९८४

अहो,

सुखरूप पोचले. गाडीत बसायला जागा मिळाली. शाळेचे निकाल उद्यापासून लावायचे आहेत, नाहीतर आणखी दोन दिवस राहिले असते. आईंच्या डोळ्यात थेंब वेळेवर घालत जा, आणि त्या काही म्हणाल्या तरी चुलीपुढे बसू देऊ नका. काळा चष्मा त्या शेजारच्या धुरपताबाईंना दाखवायला काढतात, तोही काढू देऊ नका. हे पत्र तुम्ही त्यांना वाचून दाखवाल, म्हणून हे त्यांनाही सांगते आहे: आई, चष्मा काढू नका.

पुढचं वाचून दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

शिबिरात मी तुमच्याशी धड बोलले नाही, तुम्हीही नाही. त्या लांब खोलीत सगळे पेशंट ओळीने सतरंजीवर, आईंचा एक दंड तुम्ही धरलेला, दुसरा मी. ती सिस्टर नावं विचारत आली. सोबत कोण? मुलगा आणि सून, आई म्हणाल्या. मग ती आपली सहज, हातातली कापसाची वाटी खाली ठेवता ठेवता मला म्हणाली, "मुलं घरी ठेवून आलात का? किती आहेत?" मी आईंचा पदर सारखा करू लागले. तेव्हा तुम्ही म्हणालात, "एक मुलगी होती. वत्सला. मेंदूज्वरानं गेली." ती "अरेरे" म्हणाली आणि पुढच्या पेशंटकडे वळली. तिच्यासाठी ते तेवढंच होतं. आईंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. तुम्ही समोर भिंतीकडे पाहत होता. मला त्या वेळी तुमच्याकडे बघायचं धाडस झालं नाही, म्हणून आज लिहिते. मी ऐकलं.

आणि मग आईंना पट्टी असताना, त्या संध्याकाळी क्वार्टरच्या मागच्या पायरीवर, तुम्ही आपणहून बोललात ते. मला वाटलं होतं तुम्ही कोर्टाविषयी बोलाल. तुम्ही म्हणालात, "मले तिचा आवाज आठवत नाही." मग पुन्हा म्हणालात, "वर्षाच्या आतच गेला. कोणी तिचं नाव काढलं की मी आठवाले जातो आन् तिथं काहीच नसते. तुमी दोघी रडत होत्या, मले वाटे, हिले आयकू येऊन राहिला असंन, मलेच येत नाही. बापाले आपल्या पोरीचा आवाज आठवत नाही हे कोणाले सांगू?"

इतकी वर्षं मी समजत होते की तुम्हाला तिची आठवण नको आहे. आठवण येत नाही म्हणून तुम्ही उठून जात होता, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही.

मग मी तुम्हाला सांगितलं, की बारीक नव्हता तो, जाडसर होता, सर्दी झाल्यासारखा. 'र' येत नव्हता. फॅक्टरीची बस कोपऱ्यावर वळली की ओरडायची, "लाल हत्ती आला." आणि आतून खाटेवरून, डोळ्याला पट्टी बांधलेल्या आई म्हणाल्या, "हत्ती नाई, हत्तीन. ती हत्तीन म्हने." तुम्ही हसलात. बसला लाल हत्तीण म्हणायची पोर. मीही हसले. त्या क्वार्टरमध्ये आपण कधी हसलो होतो ते मला आठवेना.

त्या दिवसांत मी एक गोष्ट विचारली नाही, ती इथून विचारते, कारण तोंडावर विचारली असती तर तुम्ही भिडेखातर उत्तर दिलं असतं. जूनमध्ये निकालाला वर्ष होतं. त्यानंतर दोघांपैकी कोणीही घटस्फोटाचा अर्ज करू शकतो. मी करणार नाही. तुम्ही करणार असाल तर मला आधी सांगा, समन्सवरून कळू देऊ नका. करणार नसाल तर केशवराव म्हणतात, दोघांनी मिळून गेलं तर कोर्ट आपला हुकूम मागे घेऊ शकतं. त्यांना मी एवढंच सांगितलं की विचारून कळवते. त्यांनी लॅटिनमधलं काही ऐकवलं नाही. आईंची खुशाली विचारली आणि आत गेले.

मी नोकरी सोडणार नाही. माझ्या पोरी आहेत इथे, वर्गभर, आणि त्यांनी मला या वर्षांत तगवलं आहे. हे तुम्हाला पटेल की नाही माहीत नाही. पण शनिवारी तुमची पाळी सुटल्यावर भंडाऱ्याहून पवनीची गाडी असते. डोळा बरा झाला की आईंनाही घेऊन या. आळीतले लोक बघतील. बघू देत.

अजून एक आहे. तुम्ही आवाजाचं बोललात म्हणून मला हे लिहायचा धीर होतो आहे. तिचा आवाज माझ्याजवळ आहे, अगदी कालचा असल्यासारखा, तो मी तुम्हाला सांगत जाईन. पण तिचं चालणं माझ्याजवळून गेलं आहे. आधी कुठलं पाऊल टाकायची, पळताना हात कसे धरायची, मला काही केल्या दिसत नाही. संध्याकाळी तुम्ही तिला बोट धरून क्वार्टरच्या रस्त्याने फिरवायचात, मी मागे स्वयंपाकात असायची. तुम्ही पाहिलं आहे. आठवत असेल तर या आणि मला सांगा ती कशी चालायची.

तुमची,
वच्छीची आई